आधी परतीची गाडी बघा, मग मैदान निवडा

प्रश्न कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. सप्टेंबरपासून वर्षभर एम.एस्सी.साठी तो स्कॉटलंडमधल्या डंडीत असणार आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेला. सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांचं तिकीट मिळत नाही आणि मिळालं तरी परवडत नाही, म्हणून स्कॉटलंडच्या खालच्या लीगमधली मैदानं बघायचं त्याच्या डोक्यात आहे. गाडी नाही, बजेट बेताचं. त्याने विचारलंय, ‘सगळ्यात भारी सहा-सात मैदानं कुठली? आणि एकट्या भारतीय माणसाने तिथं जावं का?’

मी मूळचा मिरजेचा, गेली एकोणीस वर्षं स्कॉटलंडमधल्याच पर्थमध्ये राहतो. ऑगस्ट ते मे, घरात लग्नकार्य किंवा आजारपण नसेल तर शनिवारी दुपारी मी कुठल्या ना कुठल्या मैदानावर उभा असतो. त्यामुळे यादी मी देऊ शकतो आणि पुढे देतोही आहे. पण तुमची खरी अडचण यादीची नाही. मॅच शनिवारी दुपारी तीनला सुरू होते आणि पाचला दहा कमी असताना संपते. तिथून अंधारात डंडीला परत कसं यायचं, आणि सकाळी निघताना मॅच होणार की नाही हे कसं ओळखायचं, या दोन गोष्टी जमल्या की मैदान कुठलंही भारी वाटतं. त्या जमल्या नाहीत तर भारीतल्या भारी मैदानाबाहेर बसस्टॉपवर कुडकुडत उभं राहायची वेळ येते.

थोडी रचना सांगतो, कारण नियोजन त्यावरच अवलंबून आहे. वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ४२ क्लब आहेत. प्रीमियरशिपमध्ये १२ आणि चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू यांत प्रत्येकी १०. दहाच संघ असल्यामुळे मोसमात प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी चार वेळा पडते. एकूण ३६ सामने, त्यातले १८ घरच्या मैदानावर. म्हणजे ढोबळमानाने एकाआड एक शनिवारी तुमच्या जवळच्या मैदानावर मॅच असतेच, आज हुकली तर आभाळ कोसळत नाही. तीनच्या वेळेला इथे फार जपतात. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत, लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं म्हणून.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं वय किती? स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्यांना बस फुकट आहे, त्याचं कार्ड आल्या आल्या काढावं. एम.एस्सी. म्हणजे तुम्ही बहुधा बाविशी ओलांडली असणार. मग सोळा ते पंचविशीतल्यांचं रेलकार्ड घ्या, तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते. पंचविशी उलटली असली तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं. दुसरा मुद्दा थंडीचा. डिसेंबरात डंडीचा सूर्य पावणेचारच्या आत मावळतो, म्हणजे हाफटाइमनंतरचा सगळा खेळ दिव्यांखाली. ज्याला हे सहन होत नाही त्याने सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिल एवढेच महिने धरावेत. त्यात कमीपणा काही नाही. माझी बायको एकोणीस वर्षांत एकदाही जानेवारीत आलेली नाही.

तुमचं नशीब असं की डंडी हे यासाठी स्कॉटलंडमधलं बहुतेक सगळ्यात सोयीचं ठिकाण आहे. शहरातले दोन मोठे क्लब, डंडी आणि डंडी युनायटेड, एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी आहेत, ते कधीही बघता येतील. पण शेजारच्या अँगस भागातली आर्ब्रोथ, माँट्रोज, फॉरफर आणि ब्रेखिन ही चार छोटी गावं, प्रत्येकाचा आपला क्लब, आणि चौघांचं आपसात सख्य शेजाऱ्यांमध्ये असतं तेवढंच. पेठापेठांमधली खुन्नस बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फक्त इथे ती खुन्नस पन्नाशी-साठीतले लोक हळू आवाजात, खवचट बोलून चालवतात.

सुरुवात आर्ब्रोथपासून करा. डंडीहून आगगाडीने वीसेक मिनिटं, स्टेशनपासून बंदराच्या दिशेने चालत पंधरा मिनिटं. गेफील्ड पार्क हे युरोपात समुद्राला सगळ्यात जवळचं फुटबॉल मैदान म्हणून ओळखलं जातं. एका बाजूला स्टँड आणि बाकी तीन बाजूंना टेरेस, म्हणजे उभं राहायच्या सिमेंटच्या पायऱ्या. त्यातल्या समुद्राकडच्या पायऱ्यांमागे भिंत, आणि भिंतीपलीकडे उत्तर समुद्र. भरतीची वेळ आणि पूर्वेचा वारा जुळून आला तर लाटेचे तुषार भिंतीवरून आत येतात. मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारी होता. पाहुण्या संघाच्या गोलकीपरने गोलकिक उंच मारली. चेंडू पेनल्टी एरियाच्या बाहेर गेला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि परत त्याच्याच दिशेने यायला लागला. गोलकीपर मागे धावतोय, डिफेंडर त्याच्या अंगावर येतोय, आणि चेंडू गोलच्या बाजूने रेषेबाहेर. कॉर्नर. माझ्या शेजारच्या आजोबांनी खिशातून हात न काढता नुसती मान हलवली, जणू असं दर आठवड्याला होतं. मला वाटतं, होतही असावं.

याच आर्ब्रोथने १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश कपमध्ये ॲबरडीनच्या बॉन ॲकॉर्ड संघाला ३६-० असं हरवलं होतं. त्याच दिवशी डंडी हार्प नावाच्या क्लबने ॲबरडीन रोव्हर्सवर ३५ गोल चढवले, आणि विक्रम एका गोलने हुकला. हे तुम्हाला गेफील्डवर कोणीतरी सांगेलच, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करा. अलीकडचं सांगायचं तर २०२१-२२ मध्ये आर्ब्रोथ चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू प्रीमियरशिपच्या दारापर्यंत पोचले होते, प्लेऑफमध्ये अडखळले. त्या वसंतात या पायऱ्यांवर जी गर्दी होती ती मी नंतर तिथे पाहिली नाही.

आर्ब्रोथला दोन तास आधी पोचा, बंदराजवळ स्मोकी खायला. स्मोकी म्हणजे हॅडॉक मासा. शेपट्या बांधून जोडीजोडीने लाकडाच्या धुरावर टांगतात. आपल्या सुक्या मासळीसारखा तो कडक नसतो, आत ओलसर असतो. गरम असताना कागदात घेऊन बोटांनी काटे काढत खायचा. २००४ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आर्ब्रोथच्या परिसरात केलेल्यालाच स्मोकी म्हणता येतं. मी त्या कागदासकट पायऱ्यांवर गेलोय आणि माझ्याभोवती सीगल जमा झालेत. तेवढं टाळा.

माँट्रोज त्याच रेल्वेमार्गावर पुढे आहे, आर्ब्रोथनंतर पंधरा-वीस मिनिटं. ऑक्टोबरात गेलात तर गाडीत डावीकडे बसा. गाव लागायच्या आधी खाडीचं मोठं पात्र दिसतं, माँट्रोज बेसिन. आइसलँड आणि ग्रीनलंडकडून आलेले गुलाबी पायांचे कलहंस तिथे हजारोंनी उतरलेले असतात. लिंक्स पार्क हे मैदान म्हणून साधंच आहे, पण क्लबची गोष्ट ऐकण्यासारखी. २०१५ मध्ये हा क्लब लीग टूच्या तळाला होता. त्याच मोसमापासून नवा नियम लागू झाला होता, की तळाच्या क्लबने खालच्या हायलँड आणि लोलँड लीगमधून आलेल्या संघाशी खेळून आपली जागा राखायची. माँट्रोज ब्रोरा रेंजर्सविरुद्ध थोडक्यात वाचला आणि २०१७-१८ मध्ये त्याच लीग टूचा विजेता झाला. सगळ्यांचं असं होत नाही. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर पडला, २०१९ मध्ये बेरिक, २०२१ मध्ये ब्रेखिन, २०२२ मध्ये काउडनबीथ, २०२३ मध्ये ॲल्बियन रोव्हर्स. एप्रिलमध्ये तळाच्या दोन क्लबांची मॅच असेल तर विजेतेपदाची सोडून ती बघा. हरल्यावर काय होईल हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

फॉरफरचं मैदान स्टेशन पार्क. नावावर जाऊ नका, गावात स्टेशन नाही, ते १९६७ मध्ये बंद झालं. डंडीहून बसने जायचं आणि आदल्या दिवशी परतीच्या बसची वेळ दोनदा बघायची. ब्रेखिनलाही बसच. तिथल्या ग्लीब पार्कच्या एका बाजूला भिंत किंवा स्टँड नाही, चक्क झाडांचं उंच कुंपण आहे, बंगल्याला असतं तसं नीट कापलेलं. चेंडू त्यात अडकला की आपल्याकडे कौलावर बॉल गेल्यावर होते तशी धावपळ होते. क्लब हायलँड लीगमध्ये पडला म्हणून मैदान कमी दर्जाचं झालेलं नाही.

मॅच रद्द होण्याबद्दल. माझ्या मते नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ, पैसा आणि उत्साह इथेच वाया जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमीन गोठते किंवा पाण्याने भरते. अशा वेळी सकाळी पिच तपासतात आणि निर्णय क्लबच्या सोशल मीडियावर टाकतात. कधी नऊला, कधी साडेअकराला, आणि एखाद्या वेळी चक्क दीड वाजता. मी एकदा दोन बस बदलून एका गावात पोचलो (गावाचं नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हती), फाटकाला कुलूप, आणि एक माणूस कुत्र्याला फिरवताना म्हणाला, ‘गोलपोस्टपाशी गोठलंय.’ तेवढंच. पुढची बस दोन तासांनी होती. तेव्हापासून माझा नियम असा, की हिवाळ्यात गवताच्या मैदानाला जायचं तर मॅच पक्की झाल्याशिवाय घर सोडायचं नाही, आणि लांब जायचं असेल तर कृत्रिम गवताचं मैदान निवडायचं. अँगसमध्ये माँट्रोज आणि फॉरफरला कृत्रिम पिच आहे, आर्ब्रोथला आणि ब्रेखिनला खरं गवत. कृत्रिम पिचवरही बर्फ साचला तर मॅच जातेच, पण त्यामानाने कमी वेळा. खेळ म्हणून मला कृत्रिम पिच आवडत नाही, चेंडू उगाच उड्या मारतो. जानेवारीत मात्र मी तक्रार करत नाही.

अँगसच्या बाहेर कुठे? फाइफमधलं मेथिल घ्या. ईस्ट फाइफचं बेव्ह्यू मैदान तिथे आहे. एकच स्टँड, साधारण दोन हजार खुर्च्यांचा, बाकी तीन बाजू मोकळ्या, आणि वारा थेट अंगावर. १९३८ मध्ये या क्लबने दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना स्कॉटिश कप जिंकला होता. अनेक वर्षं तिथे गाडीशिवाय जाणं जिकिरीचं होतं. मग २ जून २०२४ ला लीव्हनची रेल्वे परत सुरू झाली, १९६९ नंतर पहिल्यांदा. कर्कॉडीला गाडी बदलायची, लीव्हनला उतरायचं आणि चालत जायचं. कर्कॉडीच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, पण तो उच्चारू नका, तिकीट देणाराही दुरुस्त करतो. त्याच गावात रेथ रोव्हर्सचं स्टार्क्स पार्क आहे, रुळांना इतकं खेटून की गाडीतून स्टँडची पाठ दिसते.

दूरचं एकच सुचवतो, डंबार्टन. ग्लासगोमार्गे जावं लागतं, सकाळी लवकर निघा आणि डंबार्टन ईस्टला उतरा. क्लाइड नदीकाठी ज्वालामुखीचा एक काळा सुळका, त्यावर किल्ला, आणि त्या सुळक्याच्या अगदी पायथ्याशी मैदान. स्टँड एकच आहे, आणि वर खडक. किल्ल्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला तो खडक बघून काहीतरी होतं. मी पहिल्या हाफमध्ये मॅच कमी आणि तोच जास्त बघितला.

स्ट्रॅनरार आणि पीटरहेड ही दोन नावं लोक हौसेने सुचवतील. ती या वर्षी सोडा. पीटरहेडला १९६५ पासून प्रवासी रेल्वे नाही, ॲबरडीनहून बस. स्ट्रॅनरार नैऋत्येच्या टोकाला, दिवसात मोजक्याच गाड्या. दोन्ही मैदानं छान आहेत, पण तिथे रात्री राहायला लागू शकतं, आणि विद्यार्थ्याने त्या पैशात आर्ब्रोथच्या तीन मॅचेस बघाव्यात. खालच्या लीगमध्ये प्रौढाचं तिकीट साधारण १५ ते २० पौंडांच्या घरात असतं, विद्यार्थ्याला बऱ्याच ठिकाणी सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. तिकीट बहुतेक वेळा फाटकावरच मिळतं.

पोटाचं आता. ‘स्कॉच पाय’ (pie) खाल्ल्याशिवाय इथली मॅच पूर्ण होत नाही. कडक पिठाच्या वाटीत खिमा, वरचं झाकण कडेपेक्षा थोडं आत दबलेलं, त्या खळग्यात ब्राउन सॉस. मूळ पाय मटणाचा, पण बऱ्याच ठिकाणी गोमांस किंवा मिश्रण असतं, म्हणून चालत नसेल तर विचारा. खिडकीतल्या बाईंना राग येत नाही. फॉरफरची ब्रायडी, म्हणजे खिमा भरलेली करंजीसारखी पेस्ट्री, गोमांसाचीच असते. वर एक भोक असेल तर बिनकांद्याची, दोन असतील तर कांद्याची. बोव्हरिल म्हणून वाफाळता तपकिरी पेला सगळ्यांच्या हातात दिसेल, तो चहा नाही, गोमांसाचा अर्क आहे. मी पहिल्या दिवशी चहा समजून अर्धा संपवला होता. शाकाहारी असाल तर मॅकरोनी पाय मागा, पिठाच्या वाटीत चीज घातलेली मॅकरोनी. मैद्यात मैदा, पण उणे दोन तापमानात काम करतो. बिअर मैदानात मिळणार नाही. १९८० च्या स्कॉटिश कप फायनलनंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे प्रेक्षक मैदानात उतरून भिडले, त्यानंतर कायदाच झाला. सोबत नेऊही नका, आणि पिऊन फाटकाशी गेलात तर आत सोडत नाहीत.

एकट्या भारतीय माणसाने जावं का? माझा अनुभव सांगतो, तो सगळ्यांचा असेलच असं नाही. चार-सहाशे प्रेक्षकांत नवा चेहरा लगेच ओळखू येतो, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा कुतूहलच आलं. कुठून आलास, इतक्या लांबून हे बघायला, घरी सगळं ठीक आहे ना, अशा प्रकारचं. एकोणीस वर्षांत दोनदा वाईट शब्द कानावर आले. एकदा मी जागा बदलली, दुसऱ्यांदा स्ट्युअर्डला सांगितलं आणि त्या माणसाला बाहेर काढलं. असं काही झालं तर सहन करत उभं राहू नका, पिवळ्या जॅकेटमधल्या माणसाकडे जा. सेल्टिक किंवा रेंजर्सचा शर्ट घालून मात्र कधीच जाऊ नका. आपण गावच्या क्लबला आलो नाही, मोठ्यांचे चाहते म्हणून चुकून आलो, असा त्याचा अर्थ होतो. साधा गडद कोट, आतून थर्मल, पायात दोन मोजे. थंडी सिमेंटच्या पायऱ्यांतून तळव्यात चढते, डोक्यातून नाही.

आत गेल्यावर हाफटाइमच्या सोडतीचं कागदी तिकीट घ्या. विकणारे बहुतेक क्लबचे जुने स्वयंसेवक असतात, आणि तिकीट घेतलं की बोलायला लागतात. मला या मैदानांबद्दल जे काही ठाऊक आहे त्यातलं निम्मं त्यांच्याकडून. पाहुण्या संघाच्या चाहत्यांना वेगळं ठेवलेलं नसेल तर हाफटाइमला लोक उठून दुसऱ्या गोलमागे जातात, आपला संघ जिकडे हल्ला करणार तिकडे. तुम्हीही जा. पहिल्या खेपेला मला कळेना की अर्धं मैदान उठून कुठे चाललंय, मला वाटलं मॅच रद्द झाली.

थोडक्यात क्रम असा ठेवा. सप्टेंबरात आर्ब्रोथ, ऑक्टोबरात कलहंसांसाठी माँट्रोज, हिवाळ्यात फॉरफर आणि परत माँट्रोज, मार्चमध्ये मेथिल आणि ब्रेखिन, एप्रिलमध्ये डंबार्टन किंवा जिथे कोणी तळाला धडपडतोय तिथे. सगळी ४२ मैदानं पूर्ण करायच्या नादी लागू नका. मी एकदा पूर्ण झाली असं जाहीर केलं आणि मे महिन्यातच एक क्लब पडून दुसरा वर आला. उलट यातलं एक मैदान निवडून वर्षात तीन-चार वेळा जा. तिसऱ्यांदा गेलात की तुमच्या ठरलेल्या जागेवर दुसरं कोणी उभं असेल तर तुम्हाला खटकेल.

आणि पाय घ्यायचा तर चाळिसाव्या मिनिटाला खिडकीकडे निघा. हाफटाइमची शिट्टी झाल्यावर निघालात तर दुसरा हाफ सुरू होईपर्यंत रांगेतच असाल. मी असं लवकर निघून तीन गोल चुकवलेत, त्यातला एक आर्ब्रोथचा, आणि लोक अजून मला त्याचं वर्णन ऐकवतात. तरी चाळिसाव्या मिनिटालाच निघतो.